जुना लॅपटॉप कुणाची वाट पाहतो?

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप चालू व्हायला पाच-सात मिनिटं लावू लागला की घरात त्याचं निदान एका वाक्यात होतं : आता याचं वय झालं. मग तो कपाटात जातो, भंगारात जातो किंवा नव्या लॅपटॉपच्या बदल्यात मातीमोल भावानं दिला जातो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. प्रोसेसरची चिप वापरून झिजत जाते आणि म्हणून मंदावते, असं होत नाही. २०१३ साली जो प्रोसेसर सेकंदाला दोन अब्ज ठोके देत होता, तो नीट थंड राहत असेल तर आजही तेवढेच देतो. रॅमचंही तसंच. तरीही पडद्यावरचं ते गोल फिरणारं ठिपक्यांचं कडं थांबता थांबत नाही, हा अनुभव खराच आहे. मला त्याचा उलगडा असा दिसतो की सुरू होताना हा लॅपटॉप हळू काम करत नसतो, तो कशाची तरी वाट पाहत थांबलेला असतो. तेव्हा वेग कसा वाढवायचा हे विचारण्याआधी तो कशासाठी थांबला आहे हे शोधायला हवं. आणि २०१०च्या दशकात घेतलेल्या, हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपांच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या हार्ड डिस्कपाशीच सापडतं.

हार्ड डिस्क हा लॅपटॉपमधला पंख्याबरोबरचा एकमेव सतत फिरणारा भाग. आत चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून वाचनाचा हेड सरकत असतो. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला सुमारे १२ मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून साडेसतरा मिलिसेकंद. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यात दोन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे साडेतीन कोटी ठोके रिकामे निघून जातात. आणि याच हिशेबानं डिस्कवर विखुरलेले तुकडे एकामागून एक वाचायचे म्हटलं तर सेकंदाला जेमतेम साठ तुकडे हाती लागतात. एक तुकडा चार किलोबाइटचा धरला तर हा वेग सेकंदाला अडीचशे किलोबाइटसुद्धा भरत नाही. तीच डिस्क एखादा मोठा चित्रपट सलग वाचते तेव्हा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास पोचते. एका गोणीतून दहा किलो तांदूळ मोजायला वाण्याला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ वीस बरण्या उघडून प्रत्येकीतला चिमूटभर मसाला काढायला लागतो, तसंच हे आहे. लॅपटॉप सुरू होणं हे नेमकं बरण्या उघडण्याचं काम असतं : शेकडो ड्रायव्हर, सेवा, फाँट, सेटिंगच्या नोंदी, त्यांना लागणाऱ्या छोट्या फायली, सगळं डिस्कवर जागोजागी पसरलेलं. असे सहा हजार तुकडे वाचायचे आहेत असं नुसतं गृहीत धरलं, तरी शंभर सेकंद केवळ हेड हलण्यात आणि तबकडी फिरण्यात गेले.

हे मूळ दुखणं आहे याचा माझ्या दृष्टीनं सर्वांत भक्कम पुरावा मोजमापांत नाही, तर गेल्या पंचवीस वर्षांतल्या इंजिनिअरांच्या धडपडीत आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत एक सोय होती : सुरू होताना कोणत्या फायली कोणत्या क्रमानं लागतात याची नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी त्या आधीच, शक्य तितक्या सलग वाचून घ्यायच्या. २००७ च्या विंडोज व्हिस्टात रेडीबूस्ट नावाची सोय आली. साधा पेन ड्राइव्ह लावला की छोटे छोटे विखुरलेले तुकडे तबकडीऐवजी त्यावरून वाचले जायचे. सलग वाचनात पेन ड्राइव्ह डिस्कपेक्षा हळू असूनही हा उपाय सुचला, यातच सगळं आलं. त्यानंतर डिस्कच्या पोटातच थोडी फ्लॅश मेमरी बसवलेल्या मिश्र डिस्क बाजारात आल्या. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये फास्ट स्टार्टअप आलं. यात लॅपटॉप बंद करताना विंडोजचा गाभा जसाच्या तसा एका मोठ्या फायलीत उतरवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ती एकच फाइल सलग वाचून रॅममध्ये भरतात. इतक्या वर्षांत इतक्या हुशार माणसांनी काढलेल्या या सगळ्या युक्त्यांचा रोख एकच होता, की हेडला इकडून तिकडे कमीत कमी पळावं लागावं. प्रोसेसर हीच अडचण असती तर एवढा आटापिटा कुणी केला नसता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. डिस्क पहिल्या दिवसापासून तीच आहे, तेव्हा लॅपटॉप मिनिटभरात चालू होत होता, मग दोष डिस्कचा कसा? उत्तर असं की डिस्कची ताकद तेवढीच राहिली आणि तिच्यावरचा भार वाढत गेला. आपण बसवलेला प्रत्येक प्रोग्रॅम, मग तो प्रिंटरचा असो, व्हिडिओ कॉलचा असो किंवा फोन जोडण्याचा असो, लॅपटॉप सुरू होताच स्वतःही सुरू होण्याची परवानगी बहुधा न विचारताच घेऊन टाकतो. अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो. विंडोज ७ वरून विंडोज १० वर गेलेल्या लॅपटॉपांत अपडेट तपासणं, फायलींची शोधसूची बनवणं, वापराची माहिती गोळा करणं अशी पार्श्वभूमीवरची कामं वाढली, आणि यातली बरीचशी नेमकी लॅपटॉप चालू झाल्यावरच डिस्ककडे धाव घेतात. शिवाय डिस्क भरत जाते तशी नवी फाइल तबकडीच्या आतल्या वर्तुळांवर जाते. बाहेरचं वर्तुळ मोठं, आतलं लहान, फिरण्याची गती मात्र एकच, म्हणून आतल्या बाजूचा वाचनाचा वेग बाहेरच्याच्या जवळपास निम्मा असतो. आणि काही डिस्क खरोखरच आजारी पडतात. एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर सगळा लॅपटॉप थबकतो. म्हणजे वयाचा संबंध अगदीच नाही असं नाही, पण तो डिस्कच्या आणि तिच्यावर साचलेल्या भाराच्या वाटेनं येतो.

हे आपल्या लॅपटॉपला लागू आहे की नाही, हे दुकानात न जाता पाहता येतं. विंडोज ८ किंवा त्यापुढच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप चालू केल्याबरोबर पहिल्या दोन-तीन मिनिटांत तो उघडून डिस्क आणि सीपीयू असे दोन रकाने पाहावेत. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांत रेंगाळत असेल, तर प्रोसेसर मोकळा आहे आणि डिस्क त्याला खाऊ घालू शकत नाही हे डोळ्यांसमोरच दिसतं. त्याच खिडकीत स्टार्टअप नावाचं पान आहे. कोणते प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात आणि त्यांचा भार किती, हे तिथे लिहिलेलं असतं. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर सोडून बाकीचं तिथे बेलाशक बंद करावं. बंद केलेला प्रोग्रॅम नष्ट होत नाही, हवा तेव्हा हातानं उघडता येतो. त्याच पानाच्या कोपऱ्यात बऱ्याच लॅपटॉपांवर लास्ट बायोस टाइम असा एक आकडा दिसतो, आणि तो फार कमी लोक पाहतात. विंडोजला हात लागण्यापूर्वी, म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर असताना किती सेकंद गेले, ते तो सांगतो. हा आकडा दहा-पंधरा सेकंदांचा असेल तर ठीक. तीस-चाळीस असेल तर विंडोजमध्ये काहीही केलं तरी तेवढा वेळ वाचणार नाही, कारण अडचण त्याच्या आधीची आहे : लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह, आधी नेटवर्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न करणारी बायोसची सेटिंग किंवा उशिरा ओळख देणारी डिस्क.

ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी विंडोज स्वतःच दप्तर ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एकेका सुरुवातीचा जमाखर्च. डेस्कटॉप दिसेपर्यंत किती मिलिसेकंद आणि त्यानंतर यंत्र निवांत होईपर्यंत किती, असे दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात. हा भेद महत्त्वाचा आहे. डेस्कटॉप लवकर येतो पण त्यानंतर तीन मिनिटं माउस अडखळत राहतो, अशी तक्रार असेल तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांकडे बोट जातं. डेस्कटॉपच उशिरा येत असेल तर ड्रायव्हर, सेवा किंवा डिस्कच्या प्रकृतीकडे. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच काम सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ ही एक आज्ञा करून देते. मोजताना एक दक्षता मात्र घ्यावी. फास्ट स्टार्टअप सुरू असलेल्या लॅपटॉपवर शटडाउन करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून वाचलं जातं, म्हणून ते सहसा जास्त वेळ घेतं. एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरं मोजलं तर उपाय लागू पडला की नाही, याचा पत्ताच लागणार नाही.

आता प्रचलित उपायांकडे पाहू. फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं की लॅपटॉप सुधारतो, हे खरं आहे आणि ते का खरं आहे हे वरच्या विवेचनातूनच निघतं : साचलेले प्रोग्रॅम जातात, फायली पुन्हा सलग बसतात. पण डिस्क तीच राहते, अपडेट पुन्हा येतात, प्रोग्रॅम पुन्हा बसतात, आणि वर्षभरात माणूस परत त्याच दुकानाच्या पायऱ्या चढतो. रॅम वाढवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दोन किंवा चार जीबी रॅमवर ब्राउझर चालवणाऱ्याला त्याचा निश्चित उपयोग होतो, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कलाच तात्पुरती रॅम म्हणून वापरू लागतं. पण बटण दाबलं तेव्हा रॅम रिकामीच असते. तिच्यात काही यायचं ते डिस्कवरूनच येणार, तेव्हा चारची आठ जीबी केल्यानं पहिल्या मिनिटाची रखडपट्टी फारशी हलत नाही. रजिस्ट्री साफ करून वेग दुप्पट करण्याचं आश्वासन देणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल मात्र मला स्पष्टच सांगायचं आहे : ते बसवू नयेत. खुद्द मायक्रोसॉफ्ट अशा रजिस्ट्री क्लीनरना पाठबळ देत नाही. त्यांच्या चुकीमुळे विंडोज कायमचं बिघडू शकतं, आणि त्यातले कित्येक स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. ज्या घरात संगणकाची माहिती कमी आहे, तिथेच या जाहिराती सर्वांत जास्त फसवतात, याचा मला राग येतो.

खरा उपाय फिरणारी डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणं हा आहे. एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही. हवा तो तुकडा मिळायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वेळ पुरतो, आणि सेकंदाला साठ विखुरलेल्या वाचनांच्या जागी हजारोंनी वाचनं होतात. त्या पिढीच्या लॅपटॉपांत साटा पद्धतीची जोडणी असते आणि अडीच इंची साटा एसएसडी तिथे थेट बसते. अगदी २०१० च्या सुमाराचा, निम्म्या वेगाची साटा जोडणी असलेला लॅपटॉपही याला अपवाद नाही, कारण फायदा सलग वेगाचा नसून वाट पाहणं संपण्याचा आहे. घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एसएसडीची जाडी बहुधा सात मिलिमीटर असते आणि काही जुन्या लॅपटॉपांतली खोबण साडेनऊ मिलिमीटरची, अशा वेळी सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावावी लागते. दुसरं म्हणजे ३२ जीबीच्या ईएमएमसी मेमरीवर विकलेले अगदी स्वस्त लॅपटॉप : त्यांत साठवणूक बोर्डावरच पक्की जोडलेली असते, तिथे बदलायला काही नसतं. बाकी हे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत कुठेही होतं, आणि २५० जीबीची एसएसडी पडते ती नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा भाग.

एसएसडी लवकर मरते, असं अजूनही सांगितलं जातं. तिच्यात लिहिण्याला मर्यादा असते, हे बरोबर. पण २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या साधारण १५० टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. रोज वीस जीबी, म्हणजे घरगुती वापराच्या मानानं भरपूर, लिहिलं तरी वर्षाला साडेसात टेराबाइटही होत नाहीत आणि हिशेब वीस वर्षांवर जातो. तिचा खरा दुर्गुण वेगळा आहे : ती बंद पडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचना न देता पडते आणि आतली माहिती परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड असतं. म्हणून माहितीची दुसरी प्रत हवीच. आणि एसएसडीवर डीफ्रॅगमेंट चालवू नये, तिथे त्याचा उपयोग नाही, नुसतं लेखन वाढतं.

आधीच एसएसडी असलेला लॅपटॉपही रखडत असेल तर माझं हार्ड डिस्कचं म्हणणं तिथे लागू नाही, पण विचारण्याची पद्धत तीच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल आणि पंखा घोंगावत असेल तर धूळ हे पहिलं संशयित. पंख्याची जाळी धुळीनं चोंदली किंवा चिपवरची उष्णतावाहक पेस्ट वाळली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग खाली आणतो. वर मी प्रोसेसर मंदावत नाही म्हटलं त्याला हा एक अपवाद, आणि तो साफसफाईनं दूर होतो. दरवेळी घड्याळ मागच्या तारखेला जात असेल तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे. तिच्यापायी बायोसच्या सेटिंग विसरल्या जातात आणि वेबसाइटही सुरक्षिततेची तक्रार करू लागतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद. मग अशा यंत्रावर पैसे का घालावेत? सुरक्षेची ही काळजी खरी आहे, आणि त्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणाऱ्यानं ती गांभीर्यानं घ्यावी. पण तिचा अर्थ यंत्र निकामी झालं असा होत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेटची मुदत नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली. त्यापुढे लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी, नियमित अपडेट होणारी प्रणाली आहे, आणि तिची हलकी आवृत्ती चार जीबी रॅम आणि एसएसडीवर चांगली चालते. ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ, युनिकोड मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं त्यात आहे. अकरावीतल्या मुलीच्या अभ्यासाला किंवा आजोबांच्या बातम्यांना एवढं पुरतं. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या फाँटवर ज्यांचं डीटीपीचं काम उभं आहे किंवा ज्यांना विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर लागतं, त्यांना मात्र लिनक्सवर जा असं मी सांगणार नाही. त्यांनी तो लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून त्याच कामापुरता ठेवावा किंवा नवा घ्यावा. चित्रफिती संपादित करणाऱ्यालाही नवाच लागेल, कारण त्याचं काम प्रोसेसरला खरोखर जुंपतं.

बाकीच्यांसाठी हिशेब फक्त पैशांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याचं रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. एक चालता बोर्ड, चालता पडदा आणि चालता कीबोर्ड केवळ मंद डिस्कपायी त्या ढिगात जावा, हे मला पटत नाही.

एसएसडी बसवायचं ठरलं तर पहिलं काम जुन्या डिस्कवरची माहिती बाहेर काढण्याचं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमनं डिस्कची प्रकृती पाहावी. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब किंवा संशयास्पद जागांचे आकडे शून्यावर नसतील आणि वाढत असतील, तर क्लोनिंगच्या, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याच्या नादी लागण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत, कारण संपूर्ण डिस्क वाचून काढण्याचा ताण आजारी डिस्कला सोसत नाही. डिस्क धडधाकट असेल तर क्लोन केल्यावर ती पुसू नये. नव्या एसएसडीवर महिनाभर सगळं नीट उघडतं आहे याची खात्री होईपर्यंत ती तशीच ठेवावी. त्यानंतर यूएसबीच्या डबीत बसवली तर फोटोंची दुसरी प्रत ठेवायला ती चालते, एकमेव प्रत मात्र तिच्यावर कधीही ठेवू नये. आणि ती भंगारात द्यायची असेल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नये. क्विक फॉरमॅटनंतरही फायली परत मिळवता येतात, म्हणून सगळी डिस्क एकदा शून्यांनी भरून घ्यावी, किंवा ती चालतच नसेल तर उघडून तबकड्या मोडूनच द्यावी.